वडोदऱ्यात बोअरच्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही, आमटी कशी करू?

डाळ अर्धा तास कोमट पाण्यात भिजवा, शिजवायला आरओचं पाणी घ्या आणि आमसूल डाळ पूर्ण शिजल्यावरच घाला. बोअरच्या जड पाण्यातल्या कॅल्शियममुळे दाणा घट्ट राहतो, आंबटानेही तेच होतं. इथे दुकानात तेल लावलेली डाळही मिळते. ती आधी कोमट पाण्याने तीन-चारदा चोळून धुवा, पाणी नितळ येईपर्यंत.

चौघांसाठी:
- १ वाटी डाळ, अडीच वाट्या पाणी, हळद, हिंग, चमचाभर तेल (फेस कमी येतो). ४ शिट्या, मग मंद आचेवर ५ मिनिटं. वाफ आपली आपण जिरू द्या.
- डाळ घोटून २ वाट्या कढत पाणी घाला. गार पाण्याने आमटी चोथापाणी होते.
- मोहरी, जिरं, कढीपत्त्याची फोडणी. दीड चमचा गोडा मसाला, ४ आमसुलं, सुपारीएवढा गूळ, मीठ. ७-८ मिनिटं उकळी.

शेवग्याच्या शेंगा किंवा मूठभर पालक जरूर घाला, पोटभरीची होते. एवढं करूनही दाणा दाताखाली आला तर डाळ जुनी आहे. चिमूटभर सोड्याने ती मऊ होईल, पण बी१ जीवनसत्त्व कमी होतं, म्हणून रोज नको.