लहान मुले असताना नवरात्र ते दिवाळी हा महिना आपण घरात कसा सांभाळता?

आपल्याला सहा आणि तीन वर्षांची दोन मुले आहेत, नोकरी आहे, सासूबाई सणवार काटेकोरपणे पाळतात आणि अश्विन महिना लागला की घरात नुसती चिडचिड सुरू होते, असे आपण लिहिले आहे. फराळ विकत आणायचा झाल्यास घरात ते कसे सांगावे, हेही आपण शेवटी विचारले आहे. मी साताऱ्यात राहते. थोरली मुलगी तिसरीत आहे, धाकटा चार वर्षांचा असून बालवाडीत जातो, त्यांच्या बाबांची औद्योगिक वसाहतीत शिफ्टची नोकरी आहे आणि मी एका पतसंस्थेत हिशेबाचे काम करते. त्यामुळे आपल्या प्रश्नातील बहुतेक गोष्टी माझ्याही घरात घडून गेलेल्या आहेत.

मुख्य सांगायचे ते आधीच सांगते. या महिन्यात मी सणांची यादी करण्यापूर्वी मुलांच्या झोपेचा हिशेब मांडते. 2025 साली 22 सप्टेंबरला घट बसले आणि 23 ऑक्टोबरला भाऊबीज झाली. या 32 दिवसांत नवरात्रातील रात्रीची देवदर्शने, दसऱ्याच्या सकाळची झेंडूची तोरणे, कोजागिरीची मध्यरात्र, फराळासाठी जागवलेल्या रात्री आणि नरक चतुर्दशीची पहाटे चारची आंघोळ हे सगळे येऊन जाते. तीन ते पाच वर्षांच्या मुलाला दुपारची धरून दिवसाला 10 ते 13 तास आणि थोरलीच्या वयाच्या मुलीला 9 ते 12 तास झोप लागते. ती कमी पडली की मूल ‘मला झोप आली आहे’ असे सांगत नाही. ते वरणभाताचे ताट ढकलते, चप्पल घालायला नकार देते आणि बहिणीचे केस ओढते.

हे मला उमगायला दोन दिवाळ्या जाव्या लागल्या. पतसंस्थेत 30 सप्टेंबरला सहामाही हिशेब बंद करायचे असतात, म्हणजे ऐन नवरात्राच्या आसपास मी स्वतः रात्री आठ-आठ वाजेपर्यंत कार्यालयात अडकलेली असते आणि घरी आल्यावर मुलाने भोकाड पसरले की तो हट्टी होत चालला आहे, असाच निष्कर्ष मी काढत असे. एका वर्षी सहज म्हणून भिंतीवरच्या दिनदर्शिकेत मी मोठ्या रडारडीच्या दिवसांवर लाल ठिपके द्यायला सुरुवात केली. महिनाअखेरीस पाहिले, तर जवळजवळ प्रत्येक ठिपका कुठल्या तरी जागरणाच्या दुसऱ्या दिवशी पडलेला होता. हिशेबाचे काम करणाऱ्या बाईला हे इतक्या उशिरा दिसावे, याचे मला आजही हसू येते.

तेव्हापासून आमच्याकडे आठवड्याला एकच जागरण असते आणि ते कोणते, हे आधी ठरवलेले असते. नवरात्रात दांडियाला आम्ही जात नाही. त्याऐवजी आमच्या बाजूला ज्याला हादगा म्हणतात आणि पुण्याकडे भोंडला म्हणतात, तो मी एका रविवारी दुपारी चार वाजता अंगणात करते. सूर्य हस्त नक्षत्रात येतो तो 27 सप्टेंबरच्या सुमारास, त्यामुळे बहुतेक वर्षी नवरात्राशी त्याची सांगड सहज बसते. पाटावर खडूने हत्ती काढायचे काम थोरलीकडे असते, फेर धरताना धाकटा नेहमी उलट्या दिशेने फिरतो आणि डब्यात दडवलेली खिरापत ओळखण्याचा खेळ दोघांनाही दांडियापेक्षा कितीतरी अधिक आवडतो. साडेसहाला सगळ्या जणी आपापल्या घरी जातात आणि साडेआठला माझी मुले झोपलेली असतात.

कोजागिरीबाबत मात्र घरात थोडा वाद झाला. 2025 मध्ये ती सोमवारी, 6 ऑक्टोबरला आली होती आणि दुसऱ्या दिवशी शाळा होती. सासूबाईंचे म्हणणे असे की, दूध मध्यरात्रीच्या चांदण्यातच घ्यायचे. मी त्यांना एवढेच सांगितले की, पौर्णिमेचा चंद्र सूर्य मावळतानाच उगवतो, तेव्हा आठ वाजेपर्यंत तो चांगला वर आलेला असेल; मुलांना त्या वेळी दूध द्यावे आणि आपण दोघी बाराला पुन्हा गच्चीवर जाऊ. त्यांना हे पटले. त्याच दिवशी आमच्या घरात आश्विनी असते, म्हणजे ज्येष्ठ अपत्याला ओवाळतात. आपल्याकडे ही रीत असेल, तर धाकट्याचे काय होते हे आपल्याला वेगळे सांगायला नको. ‘मला का नाही?’ म्हणून आमच्याकडे पहिल्या वर्षी तो पाटावरच आडवा झाला होता. त्यावर तोडगा सासूबाईंनीच काढला. आता निरांजनाच्या ताम्हनाची एक बाजू त्या धरतात, दुसरी बाजू तो धरतो, आणि दोघे मिळून ताईला ओवाळतात. त्या मानाचा त्याला इतका गर्व आहे की, वर्षभर मधूनच कुणालाही ओवाळत असतो.

आता हवेविषयी, कारण या दिवसांतील निम्मे आजारपण हवेतून येते. पाऊस परततो, आकाश निरभ्र होते, जमिनीत ओल असते आणि वरून ऊन तापते. त्यामुळे दुपारी अंगाची काहिली होते, रात्री निजताना पंखा पूर्ण वेगाने लागतो आणि पहाटे चारच्या सुमारास, विशेषतः आमच्याकडे डोंगराच्या कुशीत, चांगलाच गारठा पडतो. घामेजलेले मूल उघड्यावर, पंख्याखाली गारठते आणि सकाळी नाक वाहायला लागते. यावर माझा उपाय अगदी साधा आहे. पहाटे चारचा गजर लावून मी उठते, पंखा कमी करते, दोघांच्या अंगावर सुती चादर घालते आणि पुन्हा झोपते. आयुर्वेदात शरद ऋतूत पित्त वाढते असे म्हटले आहे. तेवढ्यासाठी मी दुपारच्या डब्यात तिखट आणि तळण कमी ठेवते, कारण दिवाळीत ते पुढे पोटात जाणारच असते.

एका वर्षीची चूक मात्र सविस्तर सांगितली पाहिजे. दसऱ्यानंतर दोन दिवसांनी थोरलीला ताप भरला. नवरात्रातील धावपळीने आणि उन्हाने आला असेल, असे समजून मी दोन दिवस घरीच काढले. तिसऱ्या दिवशी ती डोळ्यांच्या मागे दुखते म्हणू लागली, तेव्हा डॉक्टरांकडे नेले आणि तपासणीत डेंग्यू निघाला. डॉक्टरांनी दोन गोष्टी बजावल्या. तापासाठी पॅरासिटामॉलखेरीज दुसरे कोणतेही वेदनाशामक औषध स्वतःच्या मनाने द्यायचे नाही, आणि ताप उतरला म्हणजे सुटलो असे मानायचे नाही, कारण ताप उतरतानाचे एक-दोन दिवसच सर्वांत जपायचे असतात. त्या काळात पोटात दुखणे, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त, गळून जाणे किंवा लघवी कमी होणे यांपैकी काहीही दिसले, तरी थेट रुग्णालय गाठायचे. चार दिवस सलाईन लावून मुलगी बरी झाली. घरी आल्यावर मी डासांचे मूळ शोधू लागले, तेव्हा ते बाहेरच्या गटारात सापडले नाही. हा डास स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि दिवसा चावतो. आमच्याकडे तो स्वयंपाकघराच्या खिडकीतल्या मनीप्लांटच्या बाटलीत आणि फ्रिजमागच्या पाण्याच्या ट्रेमध्ये वाढत होता, आणि त्या दोन्ही जागा माझ्याच ताब्यातल्या होत्या. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आता दर शुक्रवारी पिंप, बाटल्या, कुंड्यांखालच्या ताटल्या आणि तो ट्रे असे सगळे रिकामे करून, आतून घासून कोरडे करते. ऑक्टोबरमध्ये मूल तापले की थकव्यावर ढकलू नये, एवढे आपल्याला आवर्जून सांगावेसे वाटते.

सहामाही परीक्षेबद्दल फार लिहीत नाही. तिसरीतल्या मुलीच्या परीक्षेसाठी घरातील दिवे रात्री दहापर्यंत जळावेत, असे मला वाटत नाही. संध्याकाळी पाऊण तास अभ्यास पुरतो.

परीक्षा संपली की किल्ला सुरू होतो, आणि माझ्या मते दिवाळीतील मुलांचा खरा सण तोच असतो. आमच्या अंगणातून अजिंक्यतारा दिसतो, त्यामुळे मुलांना प्रतापगड किंवा रायगड नको असतो. विटा, फुटक्या कुंड्या आणि जुनी पोती रचून त्यावर लाल माती थापली जाते आणि अजिंक्यताऱ्यावर प्रक्षेपणाचा मनोरा आहे म्हणून मातीच्या किल्ल्यावरही काड्यांचा मनोरा उभा राहतो. महाराजांच्या काळात तो नव्हता, असे बाबांनी एकदा समजावून पाहिले. ‘पण आपल्याला दिसतो ना?’ या प्रश्नावर ते गप्प बसले. उतारावर हिरवळ हवी असेल, तर हळीव किंवा मोहरी वसुबारसेच्या चार-पाच दिवस आधी पेरावी, म्हणजे नरक चतुर्दशीपर्यंत बोटभर उगवते. हे काम आम्ही सकाळी आणि दुपारच्या झोपेनंतर करतो. चिखलात तीन तास लोळलेले मूल रात्री गोष्ट अर्ध्यावर असतानाच झोपते, हा त्यातला माझा स्वार्थ आहे.

वसुबारसेला आम्ही संध्याकाळी गल्लीच्या टोकाला असलेल्या गोठ्यात गाय-वासराची पूजा करायला जातो. त्या दिवशी मी उपास करते आणि रात्री बाजरीची भाकरी व गवारीची भाजी खाते. मुलांना गवार आवडत नाही, त्यांना मी सक्ती करत नाही. उपास त्यांच्यासाठी आहे, त्यांनी करायचा नाही.

अभ्यंगस्नानाबाबत आमच्या घराने एक सवलत घेतली आहे. आदल्या रात्री मुले साडेसातला जेवून आठला झोपतात, आणि थोरली पाच वाजता आनंदाने उठते, तेल-उटणे लावून घेते आणि कारीट अंगठ्याखाली फोडण्याचा पहिला मान मिळवते. धाकट्याला मात्र आम्ही उठवत नाही. तो फटाक्यांच्या आवाजाने घाबरतो आणि अर्धवट झोपेत तो आवाज कानावर आला, तर दिवसभर कडेवरून उतरत नाही. सूर्य उगवण्यापूर्वी न्हाले नाही तर नरकात जावे लागते, असे मीही लहानपणी ऐकले आहे. तरीही आमचा मुलगा सलग दोन वर्षे साडेसातला न्हायला आहे आणि अजून तरी तिकडून कुणी विचारणा केलेली नाही.

यंदा, म्हणजे 2026 मध्ये, अधिक ज्येष्ठामुळे घट 11 ऑक्टोबरला बसतील आणि लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला येईल. म्हणजे माझे सहामाही हिशेब या वेळी नवरात्रापूर्वीच आटोपतील, आणि पहाटेची आंघोळ अधिक थंडीत होईल. त्यासाठी मुलांचे लोकरी कपडे मी या वर्षी दसऱ्यालाच उन्हात घालणार आहे.

आता फराळ. पूर्वी मी मुले झोपल्यावर रात्री दहाला कढई चढवत असे आणि दीडला झोपत असे. दुसऱ्या दिवशी सगळ्यांवर खेकसण्याचे काम मग माझ्याकडे येई. सध्या घरी तीनच पदार्थ होतात. चिवड्याचे पातळ पोहे ऑक्टोबरच्या उन्हात वाळत घालायचे आणि चिमण्या हाकायच्या, हे धाकट्याचे खाते आहे. बेसनाचे लाडू वळायला थोरली बसते. आकार लिंबापासून पेरूपर्यंत सर्व प्रकारचे होतात. चकलीसाठी एक किलो तांदळाला अर्धा किलो हरभऱ्याची डाळ, पाव किलो उडदाची डाळ, थोडी मुगाची डाळ, धणे आणि जिरे असे प्रमाण घेऊन मी एका रविवारी भाजणी भाजते, गिरणीतून दळून आणते आणि चकल्या दुसऱ्या रविवारी दुपारी तळते. करंज्या, शंकरपाळे आणि अनारसे आमच्याच आळीतील एका काकूंकडून किलोवर विकत घेते.

सासूबाईंना हे सांगताना मी एक काळजी घेतली होती, तीच आपणही घ्यावी, असे सुचवते. विकतचा डबा समोर ठेवून मी विषय काढला नाही. दसऱ्याच्या आधी, दुपारी त्या निवांत असताना, ‘आई, यंदा मी हे तीन पदार्थ करते, बाकीचे बाहेरून आणू का, आणि कुणाकडून आणावेत ते तुम्हीच सांगा’ असे विचारले. दोन दिवस त्या काही बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनीच त्या काकूंचे नाव सुचवले, कारण अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजवून रोज पाणी बदलणारी आता ती एकटीच उरली आहे, असे त्यांचे मत होते. डबे आल्यावर त्यांनी एक शंकरपाळा मोडून पाहिला, ‘मोहन कमी पडलंय’ म्हणाल्या, आणि दुसरा उचलला.