खुर्ची पुसली नव्हती, पण आधी तारीख बघा

नाशिकच्या एका वाचक ताईंचा प्रश्न आहे. अक्कलदाढ काढल्यावर चौथ्या दिवशी त्यांचा जबडा सुजला, पू झाला आणि रुग्णालयात दाखल व्हावं लागलं. पुवाच्या कल्चरमध्ये, म्हणजे जंतू ओळखण्याच्या तपासणीत, स्यूडोमोनास नावाचा जंतू निघाला. आधीच्या पेशंटनंतर ना खुर्ची पुसली, ना ट्रे, ना दिव्याची मूठ, असं त्या सांगतात. डॉक्टर ‘खर्चाचं बघू’ म्हणत राहिले. आता ग्राहक आयोगात जाता येईल का? अशी पत्रं मला वारंवार येतात.

ताई, जाता येईल. पैसे घेऊन केलेले उपचार ही ‘सेवा’ आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच ठरवलं आहे. तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मात्र तुम्ही जाता जाता लिहिली आहे : दाढ काढली १८ मार्च २०२४ ला. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ६९ प्रमाणे तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार दाखल व्हावी लागते. म्हणजे मुदत १८ मार्च २०२६ ला संपते, तुमच्या हातात जेमतेम तीन आठवडे आहेत. कल्चरचा रिपोर्ट एप्रिलमधला आहे, मुदत तिथून मोजा असा युक्तिवाद करता येईलही. पण त्या भरवशावर राहू नका, आधीचीच तारीख धरा.

बोलणी चालू होती म्हणून मुदत वाढत नाही. नोटीस पाठवल्यानेही वाढत नाही. समोरच्याने हरकत घेतली नाही तरी मुदत आयोगाने स्वतःहून तपासायची असते, असं सर्वोच्च न्यायालयाने जुन्या कायद्याखाली २००९ मध्ये सांगितलं, आणि तरतूद आजही तशीच आहे. विलंब माफ होऊ शकतो, पण त्याला सबळ कारण लागतं. ‘डॉक्टर भले वाटले’ हे कारण टिकेल असं मला वाटत नाही. इतके महिने तुम्ही एक साधा अर्ज लिहून केसपेपरसुद्धा मागितला नाहीत, याचा मला खरंच राग येतो. तो आजच मागा, पोच घ्या. पैसे रोख दिलेत आणि पावती नाही, तर त्या दिवसाचे मेसेज, औषधाची चिठ्ठी, एक्स-रे, जे असेल ते जोडा.

जंतू त्याच दवाखान्यातून आला हे सिद्ध होईल का, याबद्दल मी हात राखूनच बोलेन. स्यूडोमोनास पाण्यात, ओलसर जागी कुठेही सापडतो, रुग्णालयातही. तमिळनाडूतल्या वाणियंबाडीत २०२३ मध्ये दातांच्या एका दवाखान्याशी जोडलेल्या मेंदूच्या संसर्गात आठ जण दगावले. तिथला जंतू वेगळा होता, बर्खोल्डेरिया स्यूडोमॅलेई; पण वापरात असलेल्या सलाइनच्या बाटलीतच तो सापडला, म्हणून धागा जुळला. तुमच्याकडे असा नमुना नाही आणि दोन वर्षांनी तो मिळणारही नाही. म्हणून ऑटोक्लेव्हची, म्हणजे उपकरणं वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्राची, नोंदवही आणि त्या दिवशीच्या पेशंटची यादी हजर करायला लावावी, असा अर्ज तक्रारीबरोबरच द्या. वही नसेल तर ते दवाखान्याला महाग पडू शकतं. प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञाचं मत लागतंच असं नाही, पण इथे एखाद्या मुखशल्यचिकित्सकाचं लेखी मत मिळालं तर घ्या. ते नंतर जोडलं तरी चालेल, त्यासाठी तक्रार अडवू नका.

कायद्यात निकालासाठी तीन महिने लिहिले आहेत. प्रत्यक्षात वर्षं जातात, आणि आजारी माणसाला तारखांवर फिरवणं मला संतापजनक वाटतं. पण त्या वर्षांची मोजणी तक्रार दाखल झाल्यावरच सुरू होते. उपचारांसाठी दिलेले पैसे पाच लाखांच्या आत असतील तर तक्रारीला शुल्क नाही, आणि तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात तक्रार देता येते. या आठवड्यात कागद घेऊन वकिलाकडे जा.