आयतालेखाला फणीसारखे दात का येतात?

प्रश्न : एकाच यंत्रावर तयार झालेल्या १२० पोलादी पिनांचा व्यास मी ०.०१ मिमी लघुत्तम माप (उपकरणाला दाखवता येणारी सर्वांत लहान पायरी) असलेल्या मायक्रोमीटरने मोजला. सर्वांत लहान माप २४.९० मिमी आणि सर्वांत मोठे २५.१२ मिमी आले. संगणकाला १५ वर्ग पाडायला सांगून आयतालेख (हिस्टोग्राम, म्हणजे प्रत्येक वर्गात किती मापे पडतात हे एकमेकांना लागून असलेल्या स्तंभांनी दाखवणारा आलेख) काढला, तेव्हा फणीच्या दातांप्रमाणे एकाआड एक उंच आणि बुटके स्तंभ आले. यंत्रात काही दोष असेल का? तसेच टोकाकडच्या वर्गांत मापे फार थोडी असतील, तर ते वर्ग एकत्र करावेत का?

उत्तर : यंत्राला दोष देण्यापूर्वी आपण वर्गांतर, म्हणजे प्रत्येक वर्गाची रुंदी, तपासावे. ०.२२ मिमीच्या विस्ताराचे १५ समान भाग केले की प्रत्येक वर्गाची रुंदी सुमारे ०.०१४७ मिमी होते. आपले मायक्रोमीटर मात्र ०.०१ मिमीच्या पायरीनेच माप देते, म्हणजे २४.९० ते २५.१२ या टप्प्यात त्याच्याकडून फक्त २३ निरनिराळी मापे मिळू शकतात. पहिला वर्ग सुमारे २४.९१५ पर्यंत जातो आणि त्यात २४.९० व २४.९१ ही दोन मापे बसतात. दुसरा सुमारे २४.९२९ ला संपतो, त्यात एकटे २४.९२ येते, तिसऱ्यात पुन्हा दोन, २४.९३ आणि २४.९४. हाच क्रम शेवटपर्यंत चालतो, आठ वर्गांच्या वाट्याला दोन-दोन आणि सात वर्गांच्या वाट्याला एकेक माप येते, आणि ज्याला दोन मापांची जागा मिळाली तो स्तंभ साहजिकच उंच दिसतो. हे दात पिनांमध्ये नाहीत, वर्गांच्या आखणीत आहेत.

म्हणून मोजमापांच्या बाबतीत वर्गांतर हे नेहमी उपकरणाच्या लघुत्तम मापाच्या पूर्ण पटीत घ्यावे, आणि वर्गमर्यादा संभाव्य मापांवर न ठेवता दोन मापांच्या बरोबर मध्ये ठेवाव्यात. आपल्या सामग्रीसाठी २४.८९५ पासून सुरुवात करून ०.०३ मिमी रुंदीचे ८ वर्ग पाडल्यास शेवटची मर्यादा २५.१३५ येते. प्रत्येक वर्गात नेमकी तीन मापे मावतात, आणि मर्यादेवरचे माप खालच्या वर्गात धरायचे की वरच्या, हा प्रश्नच उरत नाही. ताळ्याच्या खुणांनी वारंवारता सारणी हाताने करणाऱ्यालाही याचा फार उपयोग होतो.

वर्ग किती असावेत यासाठी संख्याशास्त्रज्ञ स्टर्जेस यांनी १९२६ मध्ये एक सूत्र दिले : निरीक्षणांच्या संख्येचा दहा पायाचा लॉगॅरिदम ३.३२२ ने गुणून त्यात १ मिळवावा. १२० मापांसाठी उत्तर ७.९, म्हणजे ८ येते. ते आपल्या आखणीशी जुळते ही चांगली गोष्ट असली, तरी हे सूत्र घंटाकृती वितरण (मध्याशी मापांची गर्दी आणि दोन्ही बाजूंना सारखी उतरण) गृहीत धरून बेतलेले आहे. एका बाजूला लांब शेपूट असलेल्या किंवा हजारो नोंदींच्या सामग्रीत ते वर्ग फारच कमी सुचवते. आमच्या मते सूत्राने अंदाज घ्यावा, पण अंतिम निर्णय लघुत्तम मापावर सोपवावा.

नव्या आखणीनंतरही दोन ठळक शिखरे उरली, आणि प्रारंभबिंदू ०.०१ मिमीने सरकवूनही ती हलली नाहीत, तर मात्र पिना दोन वेगळ्या परिस्थितींत तयार झाल्या असण्याची शंका घ्यावी. अवजार बदलण्यापूर्वीच्या आणि नंतरच्या मापांचे आयतालेख त्याच वर्गांवर वेगवेगळे काढून पाहावेत. याउलट एखादे टोक कड्यासारखे अचानक तुटलेले दिसले, तर मोजण्याआधीच मर्यादेबाहेरच्या पिना कोणी वेगळ्या काढल्या होत्या का, याची चौकशी करणे योग्य.

टोकाचे वर्ग एकत्र करण्यास हरकत नाही, पण स्तंभालेखाप्रमाणे केवळ उंची पाहून चालत नाही. आयतालेखात वारंवारता क्षेत्रफळाने दाखवली जाते. समजा, शेवटचे तीन वर्ग जोडून ०.०९ मिमीचा एक वर्ग केला आणि त्यात ६ मापे असतील, तर इतर वर्गांच्या प्रमाणावर त्याची उंची ६ नव्हे, २ काढावी लागेल. उंची ६ ठेवली, तर त्या आयताचे क्षेत्रफळ १८ मापांइतके होईल आणि विरळ शेपटीच्या जागी गर्दी असल्याचा भास होईल. अशा आलेखात उभ्या अक्षावर ‘दर ०.०३ मिमीमागे मापांची संख्या’ असे स्पष्ट लिहावे.