अकरावीला गणित ठेव

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली बातमी वाचली. लष्करी अकादमीच्या प्रवेशात वंश, लिंग काही बघू नये, गुणवत्ताच बघावी, हे कायद्यातच लिहा, अशी मागणी अमेरिकेत होते आहे. त्यावरून एनडीएत, म्हणजे खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, जायचं म्हणणारी तू विचारलंस, "सर, आपल्याकडं असं झालं तर माझ्यासारख्या मुलीचं काय?"

आधी तिथली रीत बघ. वेस्ट पॉइंटला, म्हणजे तिथल्या लष्करी अकादमीत, जायचं तर बहुतेक मुलांना आपल्या खासदाराकडून नामनिर्देशन मिळवावं लागतं. प्रवेशाची चौकटच तिथल्या संसदेनं आखलेली. मुलींना प्रवेश मिळाला तोही १९७५ च्या कायद्यानं. निकष मुलांचेच लागतील, शरीररचनेमुळे गरजेचा तेवढाच किमान फरक करायचा, असं त्यात स्पष्ट म्हटलं होतं. १९७६ ला वेस्ट पॉइंटमध्ये ११९ मुली आल्या, त्यांतल्या ६२ जणी १९८० ला अधिकारी झाल्या.

आपल्याकडं एनडीएच्या प्रवेशासाठी असा वेगळा कायदा नाही. नियम संरक्षण मंत्रालयाचे, परीक्षा यूपीएससीची, वर्षातून दोनदा. मुलींना परीक्षेला बसू दिलं ते सर्वोच्च न्यायालयाच्या ऑगस्ट २०२१ च्या अंतरिम आदेशामुळं. पहिल्या तुकडीतल्या १७ मुली ३० मे २०२५ ला खडकवासल्याहून बाहेर पडल्या. जागा मात्र मोजक्याच. अलीकडच्या जाहिरातींत लष्कराच्या २०८ जागांपैकी मुलींना १०. पेपर सगळ्यांना एकच, गुणवत्ता यादीत जागा वेगळ्या. हे फार दिवस चालेल असं मला वाटत नाही. लष्कराच्या विधी शाखेत पुरुषांसाठी जास्त जागा राखून ठेवणं न्यायालयानं ऑगस्ट २०२५ मध्ये रद्दच केलं. पण त्या भरवशावर तू बसू नकोस. तुझं वय थांबणार नाही. साडेसोळा ते साडेएकोणीस, एवढाच अवधी आहे.

मराठवाडा मागास, आपल्या मुलांना गुणांत सवलत द्या, असंही कुणी कुणी म्हणतं. मला ते पटत नाही. आपली पोरं कट-ऑफला नंतर अडतात, त्याआधी अकरावीच्या विषयांवरच अडतात. लातूर पॅटर्ननं डॉक्टर पुष्कळ दिले, त्याबद्दल वाद नाही. पण त्या नादात दहावीचा निकाल लागला की गावोगावची हुशार लेकरं नीटसाठी जीवशास्त्र घेतात आणि गणित सोडून मोकळी होतात. बारावीनंतर कुणीतरी एनडीएचं नाव काढतं, तेव्हा कळतं की हवाई दल आणि नौदलासाठी बारावीला भौतिक, रसायन आणि गणित लागतंच. लष्कराला कुठलीही शाखा चालते खरी, पण लेखी परीक्षेच्या ९०० पैकी ३०० गुण गणिताचेच. दोन वर्षं गणिताकडं न बघितलेल्या मुलानं अडीच तासांत १२० प्रश्न कसे सोडवायचे? त्यात चुकलं की एक तृतीयांश गुण कापतात.

म्हणून तुझ्या बाबांचं "पोरगी डॉक्टरच करायची" हे मोडून काढू नकोस. भौतिक, रसायन, गणित, जीवशास्त्र, चारही विषय घे. ओझं वाढेल, पण दोन्ही वाटा खुल्या राहतील आणि घरात भांडणही होणार नाही.

दुसऱ्या पेपरात ६०० पैकी २०० गुण इंग्रजीचे. प्रश्नपत्रिका हिंदी-इंग्रजीत येते, मराठीत नाही. मराठी माध्यमाच्या मुलीनं गणिताच्या संज्ञा आतापासूनच इंग्रजीतून वाचायची सवय लावावी. रोज एक पान मोठ्यानं वाच. आजीला ऐकव, तिला कळलं नाही तरी ती टोकणार नाही.

लेखी निघाली की एसएसबी, म्हणजे सेवा निवड मंडळाच्या चाचण्या आणि मुलाखत, पाच दिवस, पुन्हा ९०० गुण. तिथं चित्र दाखवून गोष्ट लिहायला लावतात, मैदानावर फळी, बल्ली, दोर देऊन सगळ्या गटानं मिळून अडथळा पार करायचा असतो. क्लासवाले याची पाठ केलेली उत्तरं विकतात. त्यात पैसे घालवू नकोस. शाळेच्या स्नेहसंमेलनात मांडव कुठं, माइक कुठं, यावर पोरांशी हुज्जत घालून शेवटी काम उरकून घेतेस, तेच तिथं कामाला येतं.

एक गोष्ट लगेच करायची. मुलांसाठी छत्रपती संभाजीनगरला १९७७ पासून एनडीएची तयारी करून घेणारी राज्य शासनाची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था आहे, तिला सगळे एसपीआय म्हणतात. तशीच मुलींसाठी आता नाशिकला आहे. तिचा अर्ज दहावीच्या वर्षातच भरावा लागतो. निकालानंतर गेलीस तर उशीर झालेला असेल. जाहिरातीवर लक्ष ठेव, अधिवासाचा दाखला तहसीलमधून आत्ताच काढून घे. ऐन वेळी तिथं सर्व्हर बंद असतो हे तुला सांगायला नको.

रविवारी बाबांना घेऊन ये, त्यांच्याशी मी बोलतो. येताना गणिताची वही आण, बीजगणितात कुठं अडतेस ते बघू.

तुझे सर