लेकीकडे प्रागला जाताय? जुनं शहर असं बघा

लेक-जावई कामावर असले तरी शनिवारची वाट बघत बसू नका, जुनं शहर एकट्यानेही छान बघून होतं. चार्ल्स पूल मात्र सकाळी सातच्या आत गाठा. १३५७ साली बांधायला घेतलेला हा पूल उन्हं वर आली की गर्दीत नुसता ओलांडला जातो, बघून होत नाही. सकाळी कठड्यांवरचे ३० पुतळे निवांत पाहता येतात. संत नेपोमुकच्या पुतळ्याखालची कांस्यपट्टी तर लोकांचे हात लागून लागून सोन्यासारखी झळकते.

१४१० सालच्या खगोलीय घड्याळासमोर तास पडण्याआधी दहा मिनिटं उभे राहा. तास पडताना घड्याळावरचा सांगाड्याचा पुतळा दोरी ओढतो, तिकडे लक्ष ठेवा. रस्ते दगडी आहेत, जाड तळव्याचे बूटच घाला. आणि लेकीचा पत्ता कागदावर लिहून खिशात ठेवाच.