पंप उघडण्याआधी पंखा बघा

प्रश्न : मिस्त्रीकाका, आमचा लाकडी ट्रॉलर हर्णैचा. सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन वडिलांच्या वेळचं. सकाळी चालू करताना निळसर धूर येतो, थोड्या वेळाने जातो. पण जाळं ओढायला लागलो की काळा भपका निघतो आणि आरपीएम १५०० च्या वर चढत नाही. गिअर न टाकता तेच इंजिन १८०० घेतं. नोझल (सिलिंडरात डिझेल फवारणारे) नवे आहेत. मेकॅनिकने पंपाचं डिझेल वाढवून दिलं, तर धूर आणखीच वाढला. आता तो इंजिन पूर्ण खोलायचं म्हणतो. जून-जुलैच्या बंदीत खोलावं का?

उत्तर : नाखवा, इतक्यात खोलू नका. डिझेल कमी पडत असतं तर इंजिन दमलं असतं, पण धूर असा काळा झाला नसता. काळा धूर म्हणजे डिझेल आहे, ते जाळायला हवा पुरत नाही. किंवा इंजिनावर झेपेल त्याहून जास्त ओझं आहे. अशा वेळी पंप वाढवणं म्हणजे पोट बिघडलेल्याला आणखी एक वाटी वाढणं. पंपाचा डिझेल वाढवायचा स्क्रू आधी पूर्ववत करून घ्या, आणि बोटीवर अंदाजाने नको, पंप टेस्ट बेंचवर लावून. सील तोडलेला पंप घेऊन समुद्रात फिरणं मला पटत नाही.

मग जाळं न टाकता मोकळ्या पाण्यात पूर्ण थ्रॉटल द्या. जाळं मागे असताना आरपीएम थोडा उतरणारच, त्यावरून निदान करू नये. मोकळ्या बोटीलाही १८०० गाठता आला नाही, तर आधी पाण्याखाली बघा. तळाला शेवाळ-शिंपल्या, पंख्याच्या (प्रोपेलरच्या) शाफ्टला गुंडाळलेली दोरी, वाकलेलं पातं. आणि एक विचारतो, मधल्या काळात ओढ वाढावी म्हणून मोठा पंखा बसवलात का? आपल्याकडे ही हौस फार. पंखा मोठा झाला किंवा त्याचा पीच (पात्यांचा तिरकेपणा) वाढला, तर जुनं इंजिन तो पूर्ण वेगाने फिरवूच शकत नाही. धूर काळा, डिझेलचं बिल मोठं, एक्झॉस्ट तापून वॉल्व्ह जळायची भीती वेगळी.

हवेची परीक्षा फुकट आहे. त्याच थ्रॉटलवर इंजिनरूमचं झाकण उघडा. धूर कमी झाला तर चोर सापडला. इंजिनरूमला हवा देणाऱ्या झडपांवर मासेमारीच्या जाळ्यांचा ढीग रचलेला मी कितीदा पाहिलाय! फरक पडला नाही, तर एअर फिल्टर आणि काजळीने अरुंद झालेला एक्झॉस्ट पाइप बघा.

सकाळचा निळा धूर म्हणजे बहुतेक रात्रीत वॉल्व्ह गाइडमधून (वॉल्व्हच्या दांड्याभोवतीच्या नळीतून) झिरपलेलं ऑइल. तेवढ्यासाठी इंजिन खोलत नाहीत. ऑइल किती घालावं लागतं ते मात्र लिहून ठेवा. दिवसभर निळा धूर राहिला आणि ब्रीदरमधून (इंजिनाच्या श्वासनळीतून) वाफा जोरात आल्या, तर पिस्टनच्या रिंगा गेल्या, मग खोला. डिपस्टिकवर ऑइल कमी होण्याऐवजी वाढलं आणि त्याला डिझेलचा वास आला, तर त्याच दिवशी इंजिन थांबवा.

बंदीत बोट वर ओढली की टॅपेट (वॉल्व्हची फट) लावून घ्या आणि पंपाचं टायमिंग तपासा. नोझल नवे म्हणजे बरोबरच असं नाही, प्रेशर आणि फवारा बघायला सांगा. डिझेलचा फवारा हाताने तपासू देऊ नका. तो कातडीत घुसतो, जखम टाचणीएवढी दिसते आणि हाताचं बोट कापायची वेळ येते.

प्रश्न : आमची मालवणची पर्यटक बोट. एक्झॉस्टमधून धुराबरोबर समुद्राचं पाणीही बाहेर पडतं, सकाळी पांढरा धूर दिसतो. हेड गॅस्केट (सिलिंडर हेडखालचं सील) गेलं का?

उत्तर : वास घ्या. डोळे चुरचुरले तर ते न जळलेलं डिझेल. इंजिन तापलं की थांबलं पाहिजे. वास नाही, नुसती वाफ आहे, तर मागून पडणाऱ्या पाण्याची धार बघा. बारीक झाली असेल तर समुद्राचं पाणी गाळायची जाळी आणि पाण्याच्या पंपाचा रबरी इम्पेलर (पाणी ढकलणारं पात्यांचं चाक) काढून बघा. इम्पेलरची पाती तुटलेली दिसली, तर तुकडे शोधून बाहेर काढल्याशिवाय नवा बसवू नका. गॅस्केटचा संशय इंजिन थंड ठेवणाऱ्या टाकीतलं गोडं पाणी रोज कमी होत असेल तरच.