ग्रँड कॅन्यनमधून गाईड न घेता स्वतःची राफ्टिंग ट्रिप करायचीय, परमिट कसं मिळतं?

तुम्ही लिहिलंय की नऊ मित्र आहात, काही फिनिक्सला काही बे एरियात आणि एकजण पुण्याहून येणार, जुलैमध्ये पंधरा-सोळा दिवस ग्रँड कॅन्यनमधून राफ्टने जायचंय, गाईड कंपनी नकोय, कोलाडला दोनदा राफ्टिंग केलंय, आणि परमिटसाठी कोणी एजंट असतो का. एजंटचं आधी सांगून टाकतो, नसतो. ओळख चालत नाही, परमिट विकत घेता येत नाही, दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही, ज्याच्या नावावर निघालं तो माणूस (किंवा अर्जात आधीच नाव दिलेला पर्यायी लीडर) स्वतः नदीवर पाहिजे. उटाहमध्ये राहतो त्यामुळे आमच्याकडे डिसेंबर आला की ऑफिसमधले निम्मे लोक नदीचे अर्ज भरत बसलेले असतात, त्यातून जे कळलंय ते सांगतो.

ग्रँड कॅन्यन म्हणजे कोलोरॅडो नदीची दरी, आणि तिथल्या राफ्टिंगची लॉटरी असते, नॅशनल पार्क सर्व्हिसची. पूर्वी वेटिंग लिस्ट होती, त्यात हजारो लोक आणि नंबर यायला वीस-वीस वर्षं, म्हणजे तिशीत नाव घातलं तर पन्नाशीत नदी. ते सगळं २००६ च्या मॅनेजमेंट प्लॅनने बंद करून ही लॉटरी आणली. खाजगी ट्रिपांना वर्षाला साधारण ५०० लाँच (म्हणजे नदीत सुटणाऱ्या ट्रिपा) असतात, कंपन्यांचा कोटा वेगळा. मुख्य लॉटरी फेब्रुवारीत आणि ती पुढच्या वर्षासाठी, म्हणजे या फेब्रुवारीत अर्ज केला तर पुढच्या कॅलेंडर वर्षातली तारीख. तुमचं 'या जुलैत' तिथेच संपलं, म्हणून वाईट वाटून घेऊ नका. अर्जाची फी २५ डॉलर, परत मिळत नाही, आणि एका अर्जात पाच तारखांपर्यंत पसंती देता येते. जिथे सुट्टी खरंच मिळणार आहे त्याच तारखा टाका, कारण नंबर लागला की डिपॉझिट ठरलेल्या मुदतीत भरावं लागतं आणि नाही भरलं तर ट्रिप गेली.

लॉटरी म्हटलं तरी सगळ्यांना सारखा चान्स नसतो. गेल्या काही वर्षांत तुम्ही त्या नदीवर गेला नसाल तर तुमच्या नावाला जास्त चिठ्ठ्या, जास्तीत जास्त पाच. बऱ्याच वर्षांपूर्वी गेलेला असेल किंवा कधीच गेला नसेल तर पाच, गेल्याच वर्षी गेला असेल तर एक. आणि इथे कंपनीबरोबर पैसे देऊन केलेली ट्रिपसुद्धा मोजतात, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. आता पुढची गोम बघा. अर्जात लीडर सोडून पर्यायी लीडरचीही नावं देता येतात, म्हणजे लीडरला ऐनवेळी जमलं नाही तर दुसरा ट्रिप नेऊ शकतो, नाहीतर लीडर आजारी पडला की सगळ्यांची ट्रिप रद्द. पण अर्जाला चिठ्ठ्या मिळतात त्या सगळ्यात कमी असलेल्या माणसाच्या हिशोबाने. म्हणून तुमच्यातला एखादा मागच्या वर्षी तिथे जाऊन आलेला असेल तर कितीही जवळचा असला तरी त्याला पर्यायी लीडर करू नका, साधा प्रवासी म्हणून येऊ दे. आणि एका माणसाचं नाव एका लॉटरीत एकाच अर्जावर पाहिजे, म्हणजे तुम्ही बायकोच्या अर्जात पर्यायी लीडर असाल तर स्वतःचा वेगळा अर्ज भरायचा नाही, भरला तर दोन्ही बाद होऊ शकतात.

मग करायचं काय तर नऊ जणांचे तीन-चार गट करा, प्रत्येक गटाचा एक अर्ज, एक लीडर आणि एक पर्यायी, सगळे पाच चिठ्ठ्यावाले, आणि तारखांची आपसात वाटणी. सगळ्यांनी एकच जुलैचा शनिवार धरून बसण्यात काही अर्थ नाही. कोणाचाही लागला तरी जाणार सगळेच.

नऊ या आकड्याबद्दल पण बोलायला हवं. खाजगी ट्रिप दोन साइजच्या असतात, स्मॉल म्हणजे आठ माणसांपर्यंत आणि स्टँडर्ड म्हणजे सोळापर्यंत. तुम्ही नऊ, म्हणजे एका माणसापायी स्मॉलच्या सगळ्या तारखा तुमच्यासाठी बंद. कोणाला गाळा असं मी म्हणणार नाही, ते तुमचं तुम्ही बघा, पण नऊपैकी एकजण 'बघू, सुट्टी मिळाली तर' असं म्हणणारा नक्की असणार, त्याला आत्ताच विचारा.

आता तारखा. उन्हाळा सगळ्यांनाच हवा असतो, मुलांना शाळेची सुट्टी, दिवस मोठा, त्यामुळे मे ते ऑगस्टला गर्दी सगळ्यात जास्त आणि वर परत ट्रिपला मिळणारे दिवसही कमी, लीज फेरीहून (जिथे राफ्ट पाण्यात घालतात) डायमंड क्रीकपर्यंतच्या (जिथे बाहेर काढतात) २२५ मैलांना जास्तीत जास्त १६ दिवस. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत तेच अंतर २५ दिवसांपर्यंत करता येतं आणि नंबर लागायची शक्यता खूपच बरी. पण थंडी असते आणि दरी एवढी खोल की काही कॅम्पवर ऊन येऊन कधी गेलं कळत पण नाही. माझं मत विचाराल तर सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा ते ऑक्टोबर हा सगळ्यात सुंदर काळ, १६ सप्टेंबरपासून ३१ मार्चपर्यंत मोटरवाल्या मोठ्या राफ्टना बंदी असते त्यामुळे नदी एकदम शांत. अर्थात हे इतरांनाही माहीत आहे, तिथेही गर्दी आहेच. शिवाय मुख्य लॉटरीनंतर कोणी ट्रिप रद्द केली की त्या तारखांसाठी वर्षभर मधूनमधून छोट्या लॉटऱ्या निघतात, ईमेल येते आणि अर्जाला फार कमी दिवस देतात. तुम्हा लोकांना तीन महिन्यांच्या नोटिशीवर तीन आठवडे सुट्टी काढता येत असेल तर खरा चान्स तिथे आहे. भारतात जायची सुट्टी वाचवून ठेवणाऱ्या आपल्या लोकांना हे जड जातं हे मला माहितीये, कारण ट्रिप १६ दिवसांची म्हटली तरी सामान बांधायचा एक दिवस, गाडीचा प्रवास, परत येऊन सगळं धुवायचं, धरून चला तीन आठवडे.

इथपर्यंत कागदाचं झालं. पण तुमच्या प्रश्नात जे नाहीये ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं: राफ्ट वल्हवणार कोण? कोलाडला कुंडलिकेवर मजा येते, मी पण केलंय, पण तिथे मागे गाईड बसलेला असतो आणि तो म्हणेल तेव्हा आपण पॅडल मारतो, सकाळी वीजकेंद्रातून पाणी सोडतात आणि दोन-तीन तासांत आपण मिसळ खायला मोकळे. ग्रँड कॅन्यनलाही पाणी वरच्या ग्लेन कॅन्यन धरणातूनच येतं, पण साम्य तिथेच संपतं. इथे १८ फुटी राफ्ट, त्यावर पंधरा दिवसांचं खाणं, आइसबॉक्स, तंबू, आणि मधे बसून दोन लांब वल्ह्यांनी ती हाकणारा एकच माणूस. नऊ जणांना असे निदान तीन राफ्ट लागतील म्हणजे निदान तीन वल्हवणारे, आणि हॅन्स, क्रिस्टल, लाव्हा फॉल्स ही रॅपिड्स (नदी खडकांतून उसळत जाते त्या जागा) पहिल्यांदा वल्ही धरायची जागा नाही. नियमातसुद्धा आहे की ग्रुपमध्ये अशा प्रकारच्या नदीचा अनुभव असलेला निदान एकजण पाहिजे. आणि पैसे देऊन वल्हवणारा आणता येत नाही, खाजगी परमिटवर कोणी कमाई करायची नाही, खर्च सगळ्यांनी वाटून घ्यायचा. राफ्ट, स्वयंपाकाचं सामान, भरलेलं रेशन, नदीपर्यंत ने-आण करणारी गाडी हे सगळं पैसे देऊन मिळतं, ॲरिझोनातल्या फ्लॅगस्टाफ गावात त्या कंपन्याच आहेत, पण माणूस तुमचाच पाहिजे.

म्हणून मी तुमच्या जागी असतो तर ग्रँड कॅन्यनचा अर्ज दर फेब्रुवारीला भरत राहिलो असतो, आणि मधल्या काळात छोट्या नद्यांची परमिटं काढून हात तयार केला असता. तुम्हाला सगळ्यात सोयीची म्हणजे दक्षिण उटाहमधली सॅन वान नदी, सँड आयलंडहून मेक्सिकन हॅटपर्यंत दोन-तीन दिवस, पूर्ण केली तर ८४ मैल, रॅपिड्स सौम्य, तिचीही लॉटरी असते पण त्यात न गेलेल्या तारखा नंतर रिक्रिएशन डॉट गव्ह या सरकारी वेबसाइटवर साध्या बुकिंगने मिळतात. डावा किनारा नवाहो नेशनचा, म्हणजे नवाहो आदिवासींच्या स्वतंत्र कारभाराचा प्रदेश आहे, तिथे उतरून मुक्काम किंवा ट्रेक करायचा तर त्यांचं परमिट वेगळं. वल्ही धरता येतात असं वाटलं की मग आयडाहो.

आयडाहोच्या चार नद्यांची एकत्र लॉटरी असते: मिडल फोर्क सॅमन, मेन सॅमन, सेल्वे आणि हेल्स कॅन्यनमधली स्नेक. १ डिसेंबर ते ३१ जानेवारी अर्ज, फी ६ डॉलर, फेब्रुवारीच्या मध्यावर निकाल आणि ही त्याच उन्हाळ्यासाठी असते. एका अर्जात चार पसंती. निकालानंतर १५ मार्चपर्यंत कन्फर्म करावं लागतं आणि जे लोक करत नाहीत त्यांच्या तारखा परत बुकिंगला खुल्या होतात, तेव्हा कॉम्प्युटरसमोर बसायचं. तारीख निवडताना पाणी बघा, नुसतं कॅलेंडर नको. मिडल फोर्कला धरण नाही, सगळं बर्फाचं पाणी, जूनच्या सुरुवातीला नदी फुगलेली आणि बाउंड्री क्रीकच्या (जिथून ट्रिप सुरू होते) रस्त्यावर कधीकधी बर्फ, तर ऑगस्टमध्ये वरच्या भागात पाणी इतकं कमी की लोक छोट्या विमानाने इंडियन क्रीकच्या धावपट्टीवर उतरून तिथून सुरुवात करतात. ज्या तारखा सोप्या मिळतात त्या का सोप्या मिळतात याचं उत्तर बहुतेक वेळा पाण्यातच असतं. सेल्वेचं नाव आत्ता काढू नका, दिवसाला एकच लाँच आणि नदी चांगलीच अवघड. नवख्यांसाठी या चारांत मेन सॅमन त्यातल्या त्यात बरी, ऑगस्टमध्ये, सोबत अनुभवी माणूस असेल तर.

ग्रँड कॅन्यनच पाहिजे असा हट्ट असेल तर डायमंड क्रीकच्या खालचा भाग लेक मीडपर्यंत, दोन ते पाच दिवसांचा, लॉटरीशिवाय मिळतो, अर्ज आधी येईल त्याला आधी. डायमंड क्रीक हुआलापाई आदिवासींच्या जमिनीवर आहे, त्यांची फी वेगळी भरायची.

पुण्याच्या मित्राचं विचारलंय तर तो येऊ शकतो, नागरिकत्वाची अडचण नाही. फक्त लीज फेरीला रेंजर प्रत्येकाचं फोटो आयडी तपासतो, आणि आपल्याकडे पासपोर्टवर वडिलांचं नाव मधे, आडनाव कधी पहिल्या रकान्यात असा गोंधळ असतो, म्हणून ट्रिपच्या यादीत पासपोर्टवर जसं छापलंय तसंच्या तसं टाका, 'बंटी' वगैरे नको. तोच रेंजर लाइफ जॅकेट, राखेसाठी फायर पॅन आणि टॉयलेटचा डबापण बघतो. हो, डबा. सोळा दिवसांची सगळ्यांची शी डब्यात बंद करून राफ्टवरून बाहेर आणायची असते, हे बायकोला आधी सांगा. आणि त्या मित्राला एवढी रजा नसेल तर अर्ध्या वाटेच्या थोडं आधी फँटम रँचला (दरीच्या तळाशी असलेलं मुक्कामाचं ठिकाण) उतरून ब्राइट एंजल ट्रेलने वर चढून जाता येतं, साडेनऊ मैल आणि चार हजार फुटांहून जास्त चढ, म्हणजे एकावर एक दोन सिंहगड आणि वर थोडं. जुलैत असेल तर पहाटे अंधारात निघायला सांगा, दुपारी त्या दरीत चाळीसच्या वर तापमान जातं.